चढावरचा रंग

आमच्या घरात चूल आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत होती. पुढं बाबांचं गॅरेज, मागं मायची चूल. भिंतीपलीकडं इंजीन बंद झालं की अलीकडं माय तव्यावर भाकर टाकायची, आणि बाबांचे हात रॉकेलनं धुऊन होईपर्यंत भाकरीला पापुद्रा सुटलेला असायचा. ज्वारीची भाकर, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि या सगळ्याला पेट्रोलचा एक बारीकसा वास. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं सासरी गेले तेव्हा पहिले आठ दिवस तिथलं जेवण मला अळणी लागलं. सासूबाईंना वाटलं, पोरगी मिठाची हावरी आहे. कमी आहे ते मीठ नाही, हे नव्या नवरीनं कुठल्या तोंडानं सांगायचं?

घर आदिलाबादेत, नागपूरकडं जाणाऱ्या सडकेला लागून. बाबा जन्मले निजामाच्या मुलखात, मी आंध्र प्रदेशात, आणि म्हातारपणी मीच त्याच गावात बसल्या बसल्या तेलंगणात आले. इतके मुलूख फिरले, पण चपला झिजल्या नाहीत. आजोबा भीमपूरकडं दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. बाबा मात्र पोरवयातच मोटारींच्या मागं लागले, एका उस्तादाच्या हाताखाली शिकले, आणि आमच्या वस्तीनं धम्म घेतला त्याच सुमारास त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. सारं गाव त्यांना मेस्त्री म्हणे. डोळ्यांवर काळी काच न धरता वेल्डिंग करून करून त्यांची नजर गेली होती. समोर माणूस आहे हे दिसे, त्याच्या शर्टाचा रंग दिसत नसे. पण कान शाबूत होते. सडकेवरून जाणारी लॉरी ऐकून ते जेवता जेवता सांगत, हिचा तिसऱ्या नंबरचा वॉल्व्ह जळाला, आणि पुढचा घास घेत.

रंग सांगायचं काम माझं होतं. इंजिनाच्या डोक्यात जिथं ठिणगी पडते तिथला प्लग पान्यानं काढायचा आणि त्याच्या टोकाकडं पाहायचं. इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत असेल तर टोक तव्याच्या बुडासारखं काळं. हवा जास्त, पेट्रोल कमी असेल तर चुलीतल्या राखेसारखं पांढरं. दोन्ही बेताचं असेल तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं. बाबा म्हणत, "रंग सांग, रतन," आणि मी, सतरा वर्षांची, मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलेली, एक डोळा मिटून प्लग उन्हात धरायची आणि हायकोर्टाच्या जज्जासारखा निकाल द्यायची. त्या काळी मला माझ्याबद्दल फार आदर होता. पुढं त्या पोरीची नीट ओळख झाली, मग तो राहिला नाही.

बाबांचा एक नियम होता. दारात आणून उभ्या केलेल्या गाडीचा प्लग पाहून मिक्शरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा, निकाल द्यायचा नाही. इंजीन जिथं दमतं तिथं, उभ्या चढावर, रेस पूर्ण दाबलेली असताना चावी बंद करायची, क्लच दाबून गाडी थांबवायची आणि प्लग तिथंच, गरम असताना काढायचा. "प्लग म्हंजे मेलेल्याच्या तोंडातला शेवटचा घास," ते म्हणत. "चढावर त्यानं काय खाल्लं हे पायजे असन, तर त्याले चढावरच मार." चढ संपवून, बाजारातून रांगत रांगत दारापर्यंत आलेली गाडी शेवटी बाजारातलंच खाऊन आलेली असते. तिचा प्लग काळाच निघतो. हा नियम मी पाढ्यासारखा पाठ केला होता. पाढे मला कधीच वेळेवर आठवले नाहीत, हे वर सांगितलंच आहे.

माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा गौतमदादा भाड्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. त्याची बायको, आमची शेवंतावहिनी, निर्मलच्या घाटाखालच्या एका खेड्यातली. ती आमच्या घरात जेमतेम दीड वर्ष राहिली. ती फुंकणीनं चूल फुंकायची तेव्हा त्या लोखंडी नळीतून एक बारीक, लांबट सूर निघायचा. गाणं नव्हे, गुणगुणही नव्हे. तिच्या श्वासाचीच ती सवय होती. मायनं फुंकलं की राख उडायची; वहिनीनं फुंकलं की जाळ लागायचा आणि भिंतीपलीकडून बाबा म्हणायचे, सूनबाईचं मिक्शर बरोबर हाय. मला ती जज्जसाहेब म्हणायची. मी रागवायची. आज कुणी म्हणालं तर मी त्याला बसवून जेवू घालीन.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला घाटाखाली पोचवली. पुढचं मी पाहिलेलं नाही. वहिनी अडली. निर्मलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ काढू नका, आदिलाबादेला मोठ्या दवाखान्यात न्या. दादा मालकाची जुनी काळी मोटार घेऊन तिथंच होता. उन्हाळ्याची भर दुपार, मागच्या सीटवर वहिनी, तिची आई आणि एक शेजारीण. घाटाचं तिसरं वळण असं उभं होतं की बैलगाडीवाले खाली उतरून चाकाला खांदा देत. त्या वळणावर मोटार तापली आणि बंद पडली. घटकाभरानं ती पुन्हा सुरू झाली. वर पोचली तेव्हा वहिनी गेलेली होती, आणि पोटातलं लेकरू तिच्याबरोबर. दादानं तिला घरी आणली. त्या घटकेत वळणावर काय झालं हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. माय विचारून विचारून थकली, आणि मग तिनंही विचारणं सोडलं.

तो घर सोडून मंचेरियलला गेला. तिकडं कोळशाच्या पट्ट्यात लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रीकडं राबला, आणि वर्षानंतर एका सकाळी पोत्यात काहीतरी जड घेऊन दारात उभा राहिला. भंगाराच्या हर्राजात, म्हणजे लिलावात, त्यानं एका मोडक्या डिझेल लॉरीचा ब्लोअर उचलला होता. लोखंडी पेटी, आत दोन जाडजूड पाती, एकमेकींना न शिवता गरगर फिरणारी आणि हवा पुढं ढकलणारी. दुसऱ्या दिवशी तो मालकाकडं गेला आणि तीच काळी मोटार विकत घेऊन आला. माय त्या मोटारीकडं पाहीना. पुढच्या दारानं जायचं सोडून ती महिनाभर मागच्या कुंपणातून वाकून ये-जा करत होती.

बाबांनी पोत्यातली वस्तू हातांनी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "इंजिनाले फुंकणी लावून राह्यला तू." दादा म्हणाला, "गाडी चढली पायजे." एवढंच बोलणं. सहा आठवडे बाप-लेक त्या इंजिनावर वाकले होते. ब्लोअर इंजिनाच्या कुशीला बसवला, पट्ट्यानं त्याला फिरवायची सोय केली, आणि पेट्रोल-हवेचं मिक्शर करणारा कार्बोरेटर ब्लोअरच्या तोंडावर चढवला, म्हणजे ब्लोअर तयार मिक्शरच इंजिनात कोंबणार. हे सगळं मला समजत होतं असं मी त्या वेळी सर्वांना सांगत असे.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा माय भाकर थापत होती. इंजीन धडधडलं, आणि दादानं रेस दाबली तसा ब्लोअरमधून सूर निघाला. बारीक, लांबट. मायचा हात परातीत तसाच राहिला. भिंतीपलीकडं दादानं पुन्हा रेस दाबली, पुन्हा सोडली, पुन्हा दाबली. संध्याकाळपर्यंत तो तेच करत होता. परवा नातीनं तिच्या फ्लॅटमध्ये नवा मिक्सर लावला, चटणी वाटायला. मी उठून गॅलरीत गेले. ती म्हणाली, आजी, आवाजाचा त्रास होतो का? मी म्हटलं, हो बाई, म्हातारपण.

गाडी चांगलीच जोरात पळू लागली. घाट सुतासारखा चढायची. पण बाजारात काळा धूर सोडायची आणि पेट्रोल अधाशासारखं प्यायची. बाबा म्हणाले, घाटात जाऊन रंग पाहून या. तिसऱ्या वळणावर चावी बंद करायची, प्लग काढायचा, तिथंच पाहायचा. काम सोपं. दादा आणि मी निघालो, घाट उतरलो, खाली गाडी फिरवली आणि चढायला लागलो.

आता खरं सांगते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ब्लोअरचा सूर चढत चढत असा टिपेला गेला की मी कानांवर हात ठेवले. दादाची नजर समोर होती, दोन्ही हातांच्या शिरा उठलेल्या. तिसरं वळण आलं. इथं मी म्हणायचं होतं, दादा, चावी बंद कर. मी, भूतखेत न मानणाऱ्या घरातली पोर, वस्तीतल्या बायकांना अंधश्रद्धेवर भाषण देणारी, मान खाली घालून पायातल्या पैंजणाकडं पाहत राहिले. मला वाटलं, गाडी इथं बंद झाली आणि मागं वळून पाहिलं तर मागच्या सीटवर कुणीतरी असेल. दादाही थांबला नाही. आम्ही तसेच वर गेलो आणि सरळ आदिलाबादेला परतलो. बाजारात बैलगाड्यांच्या मागं घुर्रघुर्र करत अर्धा तास काढला, आणि दारात आल्यावर मी प्लग काढला. काळाकुट्ट.

"चढावरच काढला ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"रंग सांग."

"काळा. तव्यासारखा."

बाबांनी माझ्या शब्दावर जेट बदलला. जेट म्हणजे मण्याएवढा पितळेचा तुकडा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पेट्रोल येतं. मोठ्या भोकाचा काढला, बारीक भोकाचा बसवला. बाजारातला धूर गेला. पेट्रोल कमी लागू लागलं. बाबांनी चार माणसांत माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

पुढच्याच आठवड्यात गाडी तिसऱ्या वळणावर बंद पडली. रेस पूर्ण दाबलेली, आणि कार्बोरेटरातून फटाक्यासारखा आवाज होऊन इंजीन गप्प. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. सपाटीवर कोंबडीसारखी पळायची, पहिलं-दुसरं वळण चढायची, आणि बरोबर तिसऱ्या वळणावर, जिथं वहिनीची मोटार थांबली होती तिथं, फटाका. बसस्टँडवर बातमी पसरायला दोन दिवस लागले नाहीत. तेलुगू लोक तिला दय्यम बंडी म्हणू लागले, भुताची गाडी. बासरला लेकरांना सरस्वतीपुढं पहिलं अक्षर गिरवायला नेणारी कुटुंबं दुसरी टॅक्सी शोधू लागली.

दादा मात्र बदलला. पहिल्या फटाक्याच्या दिवशी तो घरी आला, हातपाय धुतले, आणि कितीतरी महिन्यांनी मायला म्हणाला, ठेचा कर. जेवता जेवता म्हणाला, "तिनं थांबवलं आज." माय रडू लागली. बाबांनी ताट सरकवलं. या घरात असलं बोलायचं नाही, ते म्हणाले, आपण हे सगळं मागं टाकून आलो. दादानं वाद घातला नाही. पण घाटाकडं जायचं असलं की तो दाढी करायचा, इस्तरीचा शर्ट घालायचा. भाडं नसलं तरी रिकामी गाडी घेऊन जायचा. एकदा कार्बोरेटरातून जाळ उसळला आणि झाकण उघडून पाहताना त्याच्या भुवया होरपळल्या. तसाच हसत घरी आला. माय पदराखाली हळद-कुंकू लपवून घाटाकडं जाणाऱ्या बायकांच्या हाती देऊ लागली. आणि बाबा, ज्यांना भूत मान्य नव्हतं, ते आंधळ्या हातांनी इंजीन खोलत बसले. पट्टा पाहिला, वॉल्व्ह पाहिले, ठिणगीची वेळ पाहिली, पेट्रोलची नळी तोंडानं फुंकून पाहिली. अधूनमधून मान वर करून विचारत, "चढावर काळाच होता ना, रतन?" मी म्हणायची, हो.

मला कळलं होतं का? पहिल्या फटाक्याला नाही. तिसऱ्या-चौथ्याला कळलं. एका दुपारी चूल विझत आली होती, मी जोरात फुंकणी मारली आणि होता तो जाळही विझला. लाकूड बोटाएवढं, फुंकर हत्तीएवढी. तिथंच, राख तोंडावर घेऊन, मला सगळं समजलं. ब्लोअर हवा कोंबतो, माझा जेट पेट्रोल अडवतो. सपाटीवर भागतं, पण उभ्या चढावर इंजीन उपाशी पडतं. वळण तेच का? कारण सगळ्यात उभा चढ तोच. वहिनीची मोटारही त्याच कारणानं तिथं थांबली होती. आणि हे समजूनही मी पंधरा दिवस तोंड उघडलं नाही. भुताची भीती पहिल्या दिवशी होती. आता बाबांची होती. थोपटलेली पाठ परत कशी करायची?

मग एक दिवस एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांच्या लेकीला आठवा लागला होता, निर्मलहून आदिलाबादेला बहिणीकडं आणायची होती, आणि टॅक्सी मिळत नव्हती. सगळ्यांनी नाही म्हटलं होतं, दादा हो म्हणाला. परवा दुपारी आणतो, म्हणाला. भिंतीअलीकडं मायच्या हातातलं भांडं पडलं. ते गृहस्थ गेल्यावर ती दादासमोर उभी राहिली. "पोटुशी बाई त्या वळनावर थांबवशील तू? काऊन असं करून राह्यला?" दादा शांतपणे म्हणाला, "ती काही करनार नाही, माय. शेवंताले लेकरू पाह्याचं राह्यलं होतं." त्या रात्री मी जेवले नाही. माझ्यासारख्या पोरीनं न जेवणं ही घरातली मोठीच बातमी होती, पण कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला म्हटलं, बाबांनी पुन्हा एकदा रंग पाहायला सांगितलाय. हेही खोटं. ओढणीच्या टोकात जुना मोठा जेट बांधला, पाना घेतला. आम्ही घाट उतरलो. खाली गाडी फिरवली आणि चढायला लागलो. बाजूला सागाची पानं वाळून गेली होती, आणि गाडीच्या वाऱ्यानं ती सडकेवर घसरत होती. दुसऱ्या वळणानंतर दादानं रेस तळाला दाबली. सूर चढला. त्या सुराखाली मी पहिल्यांदाच दुसरा आवाज ऐकला, कढईत फुटाणे उडावेत तसा, बारीक तडतड. इतके दिवस तो तिथंच असणार. मी वहिनीला ऐकत बसले होते.

तिसरं वळण आलं. फटाका व्हायच्या आत मी हात लांबवून चावी बंद केली.

दादानं सवयीनं क्लच आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. इतकी शांतता झाली की तापलेलं लोखंड चट् चट् वाजताना ऐकू येत होतं. मी खाली उतरून चाकामागं दगड लावला, फडक्यानं धरून प्लग काढला. बोटं भाजली. पांढरा. हाडासारखा पांढरा, आणि त्यावर बारीक चंदेरी ठिपके, वितळलेल्या पिस्टनचे. आणखी थोड्या खेपा, आणि पिस्टनला भोक पडलं असतं.

दादा कठड्याशी उभा होता, पाठमोरा. "काऊन बंद केली?" तो म्हणाला. "ती थांबवतच होती."

"दादा, हे पाय. पांढरा हाय. इंजीन उपाशी हाय."

त्यानं प्लग हातात घेतला. मेस्त्रीचाच मुलगा, त्याला सांगावं लागलं नाही. बराच वेळ त्यानं तो उलटापालटा केला.

"मंग तिनं नाही थांबवलं?"

"नाही."

"कोनं थांबवलं?"

"म्या," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी चावी बंद कर म्हणाले नाही ते, दारात प्लग काढला ते, बाबांना हो म्हटलं ते. सांगताना मी रडत होते, आणि रडतानाही मनात कुठंतरी वाटत होतं की आपण फार शूर आहोत. त्या पोरीचं काय करावं, मला आजही कळत नाही.

दादानं माझ्यावर रागवायला हवं होतं. त्यानं विचारलं, "तू भ्याली होती का त्या दिवशी?" मी मान हलवली. "मी बी," तो म्हणाला. मग कठड्यावर बसला आणि घाटाकडं तोंड करून, माझ्याशी नव्हेच, बोलू लागला.

"तिनं पानी मागतलं. डब्यात थोडंसं पानी होतं. गाडी तापून बंद पडली होती. म्या म्हटलं, थांब, आधी गाडीले पाजतो, गाडी चालली तर तू वाचशील. सगळं पानी रेडिएटरात ओतलं."

मी भाजलेली बोटं तोंडात घातली.

"गाडी सुरू झाली," दादा म्हणाला. "तिनं पुन्हा नाही मागतलं."

खालून एक लॉरी कण्हत वर आली, आमच्या बाजूनं गेली, आणि तिचा आवाज वरच्या वळणाआड जाईपर्यंत तो थांबला. "गाडी बंद पडे तवा वाटे, अजून मागून राह्यली. म्या दर खेपेले पानी घेऊन येत होतो, रत्ने. इथं ओतत होतो. ती मागते तोवर देता तर येते."

मी ओढणीची गाठ सोडली. बोटं भाजलेली, त्यामुळं जेट बसवायला वेळ लागला. एकदा तो हातातून निसटून इंजिनाखाली पडला, आणि मी सडकेवर आडवी पडून तो शोधला. दादानं मदत केली नाही, अडवलंही नाही. मग आम्ही गाडी उलटी उतरवत खाली नेली आणि पुन्हा चढलो. पहिलं वळण, दुसरं, सूर, तडतड नाही. तिसरं वळण आलं आणि गेलं. गाडी एवढी सहज वर गेली की मला मागं वळून पाहायची हिंमत झाली. मागची सीट रिकामी होती. दादाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो गाडी चालवत होता. वर पोचल्यावर एकच वाक्य बोलला: आता मला इथं कोण थांबवेल? मी पान्याला फडकं गुंडाळत राहिले. सगळ्या गोष्टींची उत्तरं असणारी मी.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे दारातला रंग होता." एवढंच. आठ दिवस त्यांनी मला रंग विचारला नाही. मायला बोलावून विचारत. माय प्रत्येक प्लगला काळा म्हणायची, नवाकोरा असला तरी. त्या आठवड्यात गॅरेजातल्या तीन गाड्या बिघडल्या, आणि नवव्या दिवशी बाबांनी हाक मारली, रतन, इकडं ये. हात मात्र त्यांनी पुन्हा कधी पाठीवर ठेवला नाही. प्लगच हातात ठेवला.

ती पोटुशी पोर ठरल्या दुपारी घाट चढून आली. मी पुढं बसले होते. वळणावर डोळे मिटून घेतले, ते तिनं विचारलं, ताई, चक्कर येते का, तेव्हा उघडले. आम्ही केव्हाच वर आलो होतो. बसस्टँडवरची बातमी हळूहळू विरली, आणि काळी मोटार सगळ्यांत आधी भाड्यानं जाऊ लागली. दादा दाढी करायचा, पण रोजच्यासारखी.

काही महिन्यांनी वहिनीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. जावं की नाही यावर माय दोन दिवस धुसफुसली आणि शेवटी सगळेच गेलो. परतताना दुपार कलली होती. बाबा पुढं, दादाशेजारी. मागं मी आणि माय, मांडीवर लग्नातल्या बुंदीचा डबा. घाट लागला. ब्लोअरचा सूर चढला, आणि माय बुंदीचा दाणा तोंडात धरून तशीच थांबली. दुसरं वळण गेलं. तिसऱ्या वळणाच्या ऐन पोटात इंजीन गप्प झालं. एका श्वासाएवढं. झाडांचा आवाज ऐकू आला, टायरखालची खडी ऐकू आली. गाडी रेटा संपत संपत चार हात पुढं सरकली, आणि पुन्हा इंजीन लागलं, सूर लागला, आम्ही वळण पार केलं.

मला मागून दादाचा हात दिसला होता. चावीवरचा.

मायनं माझा दंड घट्ट धरला होता. बाबांनी मान थोडी मागं वळवली. "काय झालं, रतन?"

आरशात दादा माझ्याकडं पाहत होता.

"पेट्रोलात कचरा आला असन, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी तोंड खिडकीकडं फिरवलं, वाऱ्यात. स्वयंपाकघरात बसून सडकेवरच्या लॉरीचा जळालेला वॉल्व्ह सांगणारा माणूस.

"असन," ते म्हणाले. "पेट्रोल आजकाल तसंच येते."